दक्षिणेला ढाळ

सुजाताचा फोन आला तेव्हा नांदेडच्या कचेरीत पहिल्या पानाची जुळणी चालू होती. "भाऊजी, आई गेल्या… झोपेतच," एवढंच ती म्हणाली. सुजाता म्हणजे शेवंतामावशीची सून. मावशी सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. लातूरला पोचलो तेव्हा बुद्धवंदना चालू होती. मावशीला मधल्या खोलीत, तिनं स्वतःच्या हातानं बसवलेल्या शहाबादी फरशीवर ठेवलं होतं. ती फरशी कशी बसली हे पाहिलेल्यांपैकी आता मी एकटाच उरलो आहे. मावशीचे यजमान, किसनकाका, तिच्या आधी गेले. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मुखेडच्या दवाखान्यातून मावशीची तिथं बदली झाली आणि काकांनाही एका शाळेत शिक्षकाची जागा मिळाली. नव्या जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून नोकरदार आले, आणि भाड्याच्या खोल्या मिळेनाशा झाल्या. या दोघांना कशीबशी एक मिळाली. भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली, आणि थोड्याच दिवसांत घरमालक दारात येऊन उभा राहिला. "भाच्याला खोली पायजे, बाई. शाळा सुरू व्हायच्या आत मोकळी करा." मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाचा कुठला आणला, अण्णा? तुम्हाला तर बहीणच न्हाई." मुदत मात्र कायम राहिली. दुसरी खोली शोधायची नाही, हे मावशीनं त्याच दिवशी ठरवलं. गावाबाहेर घेतलेल्या प्लॉटवर भिंती आणि पत्रे झाले होते. राहिली होती ती फरशी. ती मुदतीत झाली नाही तर सामान रस्त्यावर येणार होतं.

गवंडी मिळेना. सगळे सरकारी इमारतींवर गुंतलेले. बऱ्याच खेट्यांनंतर ठेक्यानं काम घेणारा एक गुत्तेदार आला. त्यानं खोल्या पाहिल्या, दोरी लावली आणि पाणी वाहून जायचा ढाळ ईशान्येला ठेवतो म्हणाला. मावशीला तो मागं, म्हणजे दक्षिणेला हवा होता. त्यामागं हिशेब सरळ होता. आदल्या वर्षी पावसानं ओढ दिलेली, टँकर येईल तेव्हा पाणी. मागच्या रिकाम्या जागेत तिनं दोन पपया आणि दोडक्याचा वेल लावला होता. घर धुतलेलं पाणी आपोआप तिकडं जायला पाहिजे होतं. प्लॉटचा उतारही मुळातच तिकडं होता. गुत्तेदारानं कानाला हात लावला. "दक्षिणेला ढाळ द्यायचा न्हाई, बाई. घरात अवदसा येती. उद्या काई झालं तर लोक मलाच बोलतेत."

"येऊ द्या की," मावशी म्हणाली. "अवदसेला बी खोली देऊ. खोली न मिळणं कसं असतंय, ते आमाला ठावं हाय."

गुत्तेदार हसला, पण पुन्हा कामावर आला नाही. मग सुट्टी लागल्यावर दोघांनी स्वतःच फरशी बसवायला घेतली. मी तेव्हा नांदेडला एका दैनिकात नवा होतो. रविवारी एसटीनं लातूर गाठायचो. काका वाळू चाळायचे, सिमेंट कालवायचे. मावशी साडीचा काचा मारून फरशीवर थापीच्या दांड्यानं ठोकत जायची आणि आवाजावरून कुठं पोकळ आहे ते सांगायची. रोग्याची छाती तपासावी तसं. काका म्हणायचे, "सिस्टर, पेशंट वाचतोय का?" ती म्हणायची, "तुमी मधे बोलू नका, मग वाचतोय."

ढाळ बरोबर आहे की नाही, हे फरशीवर पाणी ओतून पाहतात. ओतायला पाणीच नव्हतं. काकांनी त्यावर तोड काढली: शाळेत पोरांकडून जप्त केलेल्या गोट्या. उंबऱ्यापाशी गोटी सोडायची. ती गडगडत मागच्या दारातून बाहेर गेली की ती ओळ पास. फरश्यांमधल्या दरजा सिमेंटनं भरल्यावर फरशी ओली ठेवायला गोणपाट अंथरलं, आणि त्यावर दोघांच्या आंघोळीचं पाणी. "साबण हाय त्यात," मी म्हणालो. "मग काय झालं? उजळंल की," मावशी म्हणाली.

मुदतीच्या आत ते राहायला गेले. त्या वर्षी उशिरा का होईना, पाऊस आला, आणि सैपाकघराच्या दारापाशी एका फरशीवर पाणी साचून राहिलं. गोटी तो खळगा ओलांडून गेली होती. काका फरशी उचलायला निघाले. मावशीनं त्यांना थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. घर आपलं हाय, खळगा बी आपलाच. कुणी खाली करा म्हणत न्हाई…"

पुढे पत्र्याच्या जागी स्लॅब आला, मुलगा मोठा झाला, पपया जाऊन तिथं लिंब वाढला. पुढची खोली मात्र मावशीनं घरच्यांना कधी दिली नाही. दवाखान्यात शिकायला येणाऱ्या, गावात खोली न मिळालेल्या मुली तिथं राहत गेल्या. आडनाव विचारायचं नाही, हा तिचा एकच नियम. अवदसेचं विचाराल, तर ती बहुधा यांतल्याच एखादीच्या रूपानं येऊन, परीक्षा पास होऊन गेली असावी.

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी भोकरकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन, खोली विचारत दारात आले. मावशी गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ऐकून ते अवघडले, जायला वळले. सुजातानं त्यांना थांबवलं. त्यांनी हात जोडून नाव सांगायला सुरुवात केली, "मी बाबुराव…"

"नाव पुरं झालं, मामा," सुजाता म्हणाली आणि मुलीकडे वळली. "फरशी धुतल्यावर पाणी मागं लोटायचं असतंय आमच्यात, पुढं न्हाई. जमंल का गं?"

"जमतंय की," मुलगी म्हणाली आणि चप्पल काढून आत आली.