विहीणबाईंचे शॉकअप

मी आयुष्यात एकदाच चोरी केली, आणि तीही लेकीच्या सासूच्या तेलाची. तेव्हा मी छप्पन वर्षांची होते. म्हणजे चोरीला सुरुवात करायला जरा उशीरच झाला होता, आणि अक्कल यायला अजून अवकाश होता. लेकीच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मांडव उतरला, आचारी भांडी घेऊन गेला, पण माझ्यातली वधूमाय काही उठून जायला तयार नव्हती. ‘लेकीच्या सासूपुढे आपली पायरी एक खाली धरावी,’ असं आईने शिकवलं होतं. मी हुशार, मी दोन खाली धरली होती.

ते तेल कुठलं हे समजायला आधी विहीणबाई समजायला हव्यात, आणि तसलं माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर हुडकून सापडायचं नाही. जगातल्या प्रत्येक वस्तूत कुठेतरी एक स्क्रू असतो, आणि तो एकतर ढिला असतो नाहीतर नको इतका आवळलेला असतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. मनमाडला त्यांनी तीस वर्षं शिवणक्लास चालवला. यजमान रेल्वेत गार्ड, सतत बाहेरगावी. त्यामुळे शिलाई मशिनी बिघडल्या की बाई स्वतःच उघडत. पुढे पुढे बिघडण्याची वाट बघणंही त्यांनी सोडून दिलं. लग्नाच्या बोलणीला आल्या तेव्हा आमच्या ह्यांनी घसा साफ करून विचारलं, “आपली काही अपेक्षा असेल तर मोकळेपणी सांगा.” त्या क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, “बारीक स्क्रू-ड्रायव्हर असला तर द्या.” त्यांच्या चष्म्याची काडी निघाली होती, एवढंच. पण मला वाटलं, हे मागण्याचं काहीतरी खानदानी वळण असणार. मी लग्नात त्यांना पैठणी दिली आणि तिच्यावर बत्तीस नगांचा स्क्रू-ड्रायव्हर सेट ठेवला. पैठणी त्यांनी अजून नेसलेली नाही. सेटमधला एकही नग हरवलेला नाही.

यजमान गेल्यावर त्या नाशकात मुलाकडे, म्हणजे माझ्या लेकीच्या घरी आल्या. तिथे माळ्यावर त्यांना ती गाडी सापडली. जावयाने पहिल्या पगारात घेतलेला रिमोटचा ट्रक, दोन रविवार पळवून टाकून दिलेला. खेळण्यातला म्हणायचा तर दीड हात लांब, चाकं सोललेल्या नारळाएवढी, आणि पळाला की गल्लीतली कुत्री गच्चीवर जायची. “आत काय हाय ते बघावं म्हटलं,” असं विहीणबाई सांगतात. जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून त्यांनी तो आत बघायला उघडला, आणि त्या टेबलावर माझ्या लेकीला पुढे आठ महिने जेवता आलं नाही.

एकेक करून त्यांनी त्या गाडीचं सगळं बदललं. मोटार बदलली, चाकं वळवणारी मोटार बदलली, टायरांच्या आत नवा फोम भरला. पण सरसकट सगळं लोखंडी करायला त्यांचा विरोध. पुढच्या चाकाचा एक प्लास्टिकचा दांडा त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला आहे. मी एकदा विचारलं, “हा तेवढा का ठेवलात?” तर म्हणाल्या, “हा मोडायसाठीच हाय. एक भाग लय कडक केला की शेजारचा तुटतो. घरातबी तेच.” त्यावर मी मान डोलावली. त्या काळात त्या काहीही बोलल्या तरी मी मान डोलवायची; त्यांनी चंद्र चौकोनी म्हटला असता तर मी कोपरे मोजले असते.

मोटारीच्या दातेरी चाकात आणि पुढच्या मोठ्या चाकात केसभर फट राहावी लागते. ती मोजायची त्यांची रीत अशी, की दोन चाकांमध्ये कागदाची पट्टी घालायची, चाकं जवळ आणून स्क्रू आवळायचा, मग चाकं फिरवून पट्टी काढून घ्यायची. पट्टीवर दात उमटले पाहिजेत, ती फाटता कामा नये. आता कागद कोणता? कॅलेंडरचा जाड, पेपरचा पातळ, वाण्याचा तेलकट. शेवटी त्यांना लग्नपत्रिकेच्या आतला झिरझिरीत कागद पसंत पडला. तेव्हापासून कुणाचीही पत्रिका आली की त्या आधी आतला कागद चिमटीत धरून बघतात, नंतर लग्न कुणाचं ते वाचतात. माझ्या लेकीच्या लग्नाच्या उरलेल्या चाळीस पत्रिका अशा कामी आल्या. बॅटरी पेट घेईल म्हणून त्या ती गॅलरीत मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करतात, आणि तिथे पाट टाकून, दूध उतू जाईल म्हणून बसावं तशा राखण करत बसतात. गाडी पळवून आणली की मोटारीवर बोट टेकून पाच आकडे म्हणायचे. बोट टिकलं तर ठीक. “रडता येत नाय तिला, म्हणून तापते,” असं म्हणायचं. खंडेनवमीला शस्त्रांच्या पूजेत सुरी, कात्री आणि पान्यांच्या शेजारी गाडीलाही झेंडूचा हार, आणि पुढे आठ दिवस चाकांमधून पाकळ्या निघणार.

सगळ्यात मोठी परीक्षा पडण्याची. गाडी गुडघ्याएवढी उंच धरायची आणि सोडून द्यायची. आलेला पाहुणा दचकतो, पण विहीणबाई खाली वाकून बघत असतात. गाडी उसळली तर नापास. पोक्त बाई पाटावर बसते तशी जमिनीवर बसली तर पास. हे सगळं चाकांवरच्या शॉकअपमधल्या, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्यांमधल्या, तेलावर. आणि इथेच माझा संबंध येतो.

त्या वर्षी लेकीचं घर रंगवायला काढलं होतं, म्हणून विहीणबाई गुरुवार ते रविवार माझ्याकडे राहायला आल्या. पहिल्यांदाच. मी चादरी नव्या आणल्या, पुरण शिजवलं, ह्यांना गंजीवर फिरायची बंदी केली. विहीणबाई आल्या त्या दोन साड्या आणि एक ट्रक घेऊन. त्यांचं सगळं चित्त रविवारकडे लागलं होतं. पाथर्डीच्या पलीकडे एक बंद पडलेली खडीची खाण होती. तिथे रविवारी सकाळी असल्या गाड्यांची चार-पाच वेडी माणसं जमत. सगळी तिशी-पस्तिशीची, त्यात एक दातांचे डॉक्टर. खाणीच्या टोकाला एक उभी चढण होती आणि ती कुणाच्याच गाडीला चढता आली नव्हती. डॉक्टर विहीणबाईंना म्हणाले होते, “काकू, ही भिंत आहे. हिच्यावर गाडी नाही लावायची, पोस्टर लावायचं.” त्यावर सहा महिने बाई त्या चढणीसाठी गाडी लावत होत्या, तंबोरा लावतात तशी. आणि तो रविवार शेवटचा होता, कारण सोमवारपासून खाण बुजवून तिथे इमारत उभी राहणार होती.

गुरुवारी त्यांनी न्हाणीघराच्या आरशाखाली एक छोटी बाटली ठेवली. आत दाट, पाण्यासारखं स्वच्छ तेल. वर बारीक इंग्रजीत सिलिकॉन की काय लिहिलेलं. आता विहीणबाईंचे केस साठीलासुद्धा काळेभोर, तुकतुकीत, आणि माझे पिंजलेल्या कापसासारखे. टीव्हीवर केसांच्या जाहिरातीत तो शब्द मी ऐकला होता. मी दोन आणि दोन जोडले आणि उत्तर बावीस काढलं. शुक्रवारी दुपारी त्या आडव्या झाल्यावर मी ते तेल हातावर घेतलं. थोड्याने भागेना, म्हणून अजून घेतलं. सगळी बाटली जिरली तेव्हा कुठे केस चमकले, आणि काय चमकले. अंबाडा राहीना. पिना घातल्या की मागून गळत. एक तर पुरणाच्या पातेल्यात पडली. ह्यांनी पेपर खाली करून बघितलं आणि म्हणाले, “पावसात भिजलीस का?”

संध्याकाळी विहीणबाई फोनवर माझ्या लेकीला सांगत होत्या, “उद्या शॉकअपात तेल भरायचं, मग झालं. बाटली आणलीये, एकच मिळाली.” माझ्या हातातली पोळी तव्याबाहेर पडली. शहाण्या बाईने तिथेच सांगून टाकलं असतं. मी पडले वधूमाय. माझ्या डोळ्यांपुढे लेकीचा अख्खा संसार उभा राहिला, त्यात सासू म्हणत होती, तुझ्या आईने माझं तेल चोरलं. मी कपाटातली एरंडेलाची बाटली काढली, दिसायला तेवढंच दाट, जरासं पिवळट, आणि ते काठोकाठ भरून बाटली आरशाखाली ठेवून दिली.

शनिवारी त्यांनी टेबलावर चारही शॉकअप उघडले. बाटलीचं बूच काढलं. थांबल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात कोथिंबिरीची जुडी, आणि जुडीतली एकही काडी निवडलेली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाटलीकडे, आणि सावकाश तेल ओतायला लागल्या. दांडा वरखाली करत, बुडबुडे निघायची वाट बघत, एकेक शॉकअपला पाव तास. मी देवाला नारळ बोलले.

रविवारी मी पण गेले. गुन्हेगार जातोच म्हणतात. गाडी चढणीला लागली. अर्ध्यावर पोचली. मग एका दगडावर पुढची चाकं आली, आणि शॉकअप दबायलाच तयार होईनात. गाडी काठी गिळल्यासारखी ताठ राहिली, पुढून उचलली गेली आणि उताणी होऊन गडगडत खाली आली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तो मोडायसाठी ठेवलेला दांडा मोडला. डॉक्टर म्हणाले, “काकू, माझ्याकडे तेल आहे, देऊ का?” विहीणबाई म्हणाल्या, “नको. हिचं पोट साफ व्हायचंय, होऊ द्या.” कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि पायाखालची खाण आणखी खोल झाली.

आता तिथे बारा मजली इमारत आहे. रिक्षाने तिथून जाताना विहीणबाई मान वर करून म्हणतात, “तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलती आपली.” आम्ही दोघी आता एका नर्सरीमागच्या मातीच्या ढिगावर जातो. त्यांचा हात हल्ली थरथरतो. बारीक स्क्रू जागेवर बसत नाही. मग त्या खुर्चीवरून सांगतात आणि मी आवळते. “बास. अजून पाव. बास म्हटलं ना.” चाळीस पत्रिकांमधल्या दोनच उरल्या आहेत आणि त्या मी डब्यात जपून ठेवते. नात म्हणते, “तुम्ही दोघी भांडता कशाला एवढ्या?” आम्ही भांडत नाही, गाडी लावत असतो. आपली ती पायरी कुठे गेली, हे मला आता शोधूनही सापडत नाही.

पण ती कधी गेली ते पक्कं माहीत आहे. त्या रविवारी खाणीतून परत येताना रिक्षात मी माझ्या चोरीचं अक्षर न् अक्षर सांगितलं, पदराला डोळे पुसत. मांडीवर मोडकी गाडी घेऊन विहीणबाई ऐकत होत्या. माझ्या अंबाड्यातून एक पिन घसरून रिक्षात पडली, ती त्यांनी उचलली, परत खोचली, आणि पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत म्हणाल्या, “बूच काढलं तेव्हाच वास आला मला. पण तू दारात अशी उभी होतीस की मला भरावंच लागलं. चढण काय, कुठंबी मिळंल. अगं, एवढी भीत भीत लेक दिलीस होय माझ्या घरात?”