काटा उतरवणारे गुणवंतराव

वडशाच्या पलीकडच्या त्या गावात कुणाच्या घशात माशाचा काटा अडकला की पावलं आपसूक गुणवंतरावांच्या अंगणाकडे वळायची. ते भाताचा गोळा हातावर घ्यायचे, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे, गोळा गिळायला लावून पाठीवर थाप द्यायचे. काटा उतरायचा. त्यांच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला गुणवंतरावांना फार आवडायचं.

तिथंच तर घोटाळा झाला. स्वतःचा घास छातीशी अडकायला लागला तेव्हा त्यांनी बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. काटा उतरवणाऱ्यालाच गिळता येत नाही, हे गावाला कळलं तर तोंड कुठं लपवायचं? चार महिने पेजेवर काढले, पंगतीत पोट बिघडल्याच्या थापा मारल्या. शेवटी बायकोनंच, भागीरथाबाईंनी, हट्टानं नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, त्यातही क्वचित सापडणारा आणि झपाट्यानं पसरणारा. कापून भागणार नाही. आधी केमो, मग रेडिएशन. "इतके दिवस काय करत होते?" त्यांनी विचारलं.

तीन केमो झाले. गावात सांगितलं, लेकीकडे जातो. केस गेले, डोक्याला दुपट्टा आला.

एका सकाळी केसरबाई आली. तिचा नवरा नथ्थू गेल्या वर्षी वारला होता.

"भाऊ, महिना झाला, घास अटकून राह्यला. काटा उतरवून द्या."

"मासे खाल्ले होते काय?"

"नाई."

ओट्यावर दोघंतिघं गप्पा मारत बसले होते. गुणवंतरावांचा हात सवयीनं भाताकडे गेला. एक गोळा दिला असता तर अब्रू राहिली असती. त्यांना स्वतःचीच किळस आली. सगळ्यांदेखत त्यांनी दुपट्टा सोडला.

"बाई, हा काटा नाई. मलेबी असंच झालं होतं, कॅन्सर निघाला. हे माझ्या हातचं काम नाई. उद्याच दवाखान्यात चाल, मी संगं येतो."

केसरबाई त्यांच्या टकलाकडे बघत राहिली.

"आमच्या ह्यायनंबी मासे नाई खाल्ले होते, भाऊ," ती हळूच म्हणाली. "सात डाव आले तुमच्याकडं."

सातही वेळा गुणवंतरावांनी गोळा दिला होता. मासे खाल्ले होते का, हे एकदाही विचारलं नव्हतं.