चार पेपरांत एकच अर्थ

मी एका मुलीला भरवर्गात नक्कलखोर म्हणालो. ती तशी नाही हे कळल्यावरही मी गप्प राहिलो. पहिल्या चुकीला निदान काही कारण होतं, दुसरीला नाही.

पोलादपूरच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवतो. नववीला शनिवारी शब्दांची चाचणी असायची. मी इंग्रजी शब्द सांगायचा, मुलांनी अर्थ मराठीत लिहायचा. या चाचण्यांतून एकाला महाडच्या शब्दस्पर्धेला पाठवायचं होतं आणि ती मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. घाटाकडच्या एका वाडीतून चार मुली चालत येतात, त्यातली ती एक.

श्रावणात पेपर तपासताना माझा हात थांबला. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, असं मी शिकवलं होतं. तिने लिहिलं होतं, 'पाय निघत नाही असा'. 'जेनरस' म्हणजे 'हात आखडत नाही तो'. वाडीतल्या बाकी तिघींच्या पेपरांतही अक्षरशः हेच. असले अर्थ कुठल्याही गाइडात नव्हते. म्हणजे कोणीतरी सांगत होतं.

पुढच्या चाचणीला चौघींना चार कोपऱ्यांत बसवलं. तळहात पाहिले, ओढणीची टोकं झटकायला लावली. अर्थ पुन्हा सारखेच आले. माझा संशय गेला नाही, वाढला.

"चौघींचे शब्द एकच कसे?"

"आम्ही तसंच शिकलो, सर."

"कोणाकडून?"

तिने मैत्रिणींकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, ह्यांच्या वाडीत डोकं एकच हाय. आळीपाळीने वापरतात."

वर्ग हसला. मी त्याला दटावलं नाही. तिलाच नक्कलखोर म्हणालो आणि स्पर्धेसाठी बाजारपेठेतल्या एका मुलाचं नाव मुख्याध्यापकांना कळवलं.

तरी चैन पडेना. मुंबईचा कोणी चुलतभाऊ फोनवर सांगत असेल, ते रंगेहाथ पकडायचं म्हणून रविवारी दुपारी वाडीत गेलो. मोटारसायकल खालच्या वळणावर ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.

देवळाच्या मंडपात बायका-मुली गौरीच्या फेराचा सराव करत होत्या. मी खांबाआड उभा राहिलो. एक गाणं संपलं तशी ती मुलगी वाकून, पाय आपटत म्हणाली, "रिलक्टंट गो रिलक्टंट." फेर फिरता फिरता सगळ्यांनी उत्तर दिलं, "पाय निघंना, पाय निघंना." मग 'जेनरस'. मी दिलेले अर्थ चालीत बसत नव्हते, म्हणून त्यांनी बसतील असे घडवले होते. वर्गात हे सांगायला तिला लाज वाटली असणार. त्या हसण्यानंतर कोण सांगेल?

तिच्या आईने मला पाहिलं. "सर, असं आडोशाला का? चाय घेता ना? पोरीचं कायतरी चुकलंय काय? हल्ली शाळेतून आली की बोलत नाय."

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

चहा प्यायलो. मुलगी दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. बहुधा तिला वाटलं, आता सर सांगतील.

स्पर्धा अजून व्हायची होती. नाव बदलून घेता आलं असतं. पण मुख्याध्यापकांपुढे मी फार खात्रीने बोललो होतो. रोज शाळेत जाताना ठरवायचो, आज सांगतो, आणि त्यांच्या दारावरून पुढे जायचो. स्पर्धा झाली. गौरी-गणपती आले नि गेले. ती माझ्या तासाला येत होती, पण चाचणीचा कागद कोरा द्यायची.

तिसरा कोरा कागद आला तेव्हा मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं आणि वर्गात आलो. तिला उभं केलं नाही. मीच तिच्या बाकापाशी गेलो.

"हिने नक्कल केली नव्हती," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. मग तिच्याकडे वळलो. "मला हे स्पर्धेच्या आधीच कळलं होतं. तुझ्या घरी चहा प्यायलो तेव्हाही माहीत होतं. माझी लाज वाचवायला मी तुझी संधी घालवली. ती आता परत देता येत नाही. मला माफ कर, बाळा."