ताईंच्या हातमोज्याला भोक पडलं तेव्हा

नाहूरच्या ज्या घरात मी राहून स्वयंपाक करते, तिथल्या ताई विषाणूंवर संशोधन करतात. साधेसुधे नव्हेत, कालपरवा उपटलेले, माणसं मारणारे. त्यांच्यापायी ताई वटवाघळांच्या गुहा आणि गोचिडांची जंगलं तुडवत हिंडल्या. आता मरोळच्या प्रयोगशाळेत अशाच एकावर लस शोधताहेत. मी वेंगुर्ल्याकडची, सातवीत शाळा सुटली. इतक्या लांब आलेल्या एकटीला त्यांनी घरचं माणूस करून ठेवलं. म्हणून त्या घरी येईस्तोवर रोज माझा जीव टांगणीला.

गेल्या वर्षी एका दुपारी त्या लवकरच आल्या. तोंडावर मास्क.

"लांब उभी राहा गं," दारातूनच म्हणाल्या. "विषाणूंचं काम करताना हातमोजे फाटले. दोन्ही, वरचाही आणि आतलाही. बहुतेक काही होणार नाही. पण तीन आठवडे मी खोलीबाहेर येणार नाही. तुला गावी जायचं असेल तर जा."

"मी खंय जातलंय?" घाबरले की माझी मालवणी बाहेर पडते.

त्यांच्या प्रयोगशाळेत म्हणे आत गेलेला कागदसुद्धा कडक वाफेत काढल्याशिवाय बाहेर येत नाही. तोच नियम त्यांनी घरी लावला. मी पत्रावळीवर किंवा द्रोणात जेवण दाराशी ठेवायचं आणि मागे सरायचं. उष्टी पत्रावळ आतच, औषध घालून पिशवीत बांधलेली. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून त्या आतून ओरडत, "अठ्ठ्याण्णव!" मग मी श्वास सोडायची.

एका संध्याकाळी आवाजच आला नाही.

"ताई?"

"शंभरच्या वर आहे."

मी दाराकडे धावले. आतला आवाज मात्र वाणसामान सांगावं तसा. "खिडक्या उघड. दाराशी यायचं नाही. मी फोन करते, मला न्यायला माणसं येतील, तू त्यांच्यासमोर यायचं नाहीस. रक्त लगेच काढायला हवं. ताप चढतानाचं रक्त फार कामाचं असतं, लसवाल्यांना उपयोगी पडेल."

मी ऐकतच राहिले. मरणाची वेळ आलेली आणि ही बाई आपलं रक्त कामाला लावतेय!

मग एकदम, "अगं, कुळथाचं कढण कधी दिलंस?"

"आत्ताच की. तुम्हाला उकळतं लागतं ना."

 आतून हसू आलं. "वाट लागली माझी! जन्मभर लोकांना शिकवलं, गरम पिऊन थर्मामीटर तोंडात घालू नका. आणि मीच घातला!"

"मग परत लावा ना!"

"थांबावं लागतं. अर्धा तास."

त्या अर्ध्या तासात मी गावच्या देवीला काय काय बोलले ते तिलाच ठाऊक. शेवटी राहवेना. "ताई, भीती वाटते?"

"वाटते तर! दर मिनिटाला घड्याळ बघतेय. तुला दिसत नाही तेच बरं."

मला वाटायचं त्यांना भीतीच नसेल. ती होती, आणि तरी त्या इतकी वर्षं तिथे जात होत्या. बंद दारासमोर मी नकळत हात जोडले.

"अठ्ठ्याण्णव!" आतून आरोळी आली. मी भिंतीला टेकून रडले.

तीन आठवडे संपले त्या सकाळी ताई आवरून तयार.

"आज तरी घरी बसा," मी म्हटलं.

"वटवाघळं बसलीत का?"

गॅलरीतून पाहिलं, तर खाली रिक्षावाल्याशी हुज्जत चाललेली. "मरोळ. मीटरने. येतोस की नाही?" तो कुरकुरत तयार झाला. मागे कोण बसलंय, त्याला काय ठाऊक!