हेल्मेटमधली हाक

आमचे आबा मायला "यो गं!" अशी हाक मारायचे. बायकोला नावाने हाक मारायची आमच्या गावात रीत नव्हती. शेजारपाजारचे बापे "ऐकलं का" म्हणत, नाहीतर थोरल्या लेकराचं नाव घेत. आबांचा जन्म मात्र मेंढरं राखण्यात गेलेला. "हुर्रर्रऽऽ यो, यो, यो!" ही त्यांची कळपाला घालायची हाक. त्यातलाच एक "यो" तोडून, त्याला "गं" जोडून, तो त्यांनी मायला देऊन टाकला होता. माय पहिल्याच हाकेला उठायची आणि उठता उठता करवादायची, "मी काय मेंढरू हाय का? माणसावानी हाक मारता येत न्हाई?" आबा नुसते हसायचे.

आमचं गाव सेनगावकडचं. मी तेव्हा हिंगोलीला कॉलेजात होते आणि हातात नवाकोरा मोबाइल आल्यामुळे जरा जास्तच शहाणी झाले होते. आबांचा गुडघा कामातून गेल्यापासून दिवसभर मेंढरांमागे माय हिंडायची. संध्याकाळी आबा फटफटीवरून माळाकडे निघायचे. बाभळीच्या वळणावर कळप दिसला की गाडी चालू ठेवूनच हाक घालायचे. मेंढरं माना वर करायची आणि धूळ उडवत त्यांच्याकडे यायची. मायच्या हाकेला एकही येत नसे. ती दिवसभर उन्हात करपायची आणि मान आबांना, हा तिचा कायमचा राग.

आबांच्या डोक्यावर हेल्मेट असे. दाजींनी पुण्याहून आणून दिलेलं, तोंडासकट डोकं झाकणारं. वाऱ्याने त्यांचा कान ठणकायचा, तो त्यात थांबला. काच वर करून त्यांनी हाक घातली की ती रांजणातून आल्यासारखी घुमायची. पारावरची माणसं फिदीफिदी हसायची. आबांना त्याचं काही नव्हतं.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, माणूस वाचेल पण आवाज राहणार नाही. परतीच्या एसटीत आबा मायला म्हणाले, "मेंढरं कुणाच्या हाकेला येतील गं?" मला रडू आवरेना. मेंढरं गेली खड्ड्यात, मला आबांचा आवाज हवा होता.

म्हणून मी ठरवलं, मोबाइलमध्ये त्यांची हाक भरून ठेवायची. घरात बसवलं तर आबा लाजले. "समोर मेंढरू न्हाई, हाक कुणाला घालू?" खाटेवर बसून घशातून निघाला तो नुसता खोकला. त्यांची हाक त्या वळणावरच निघायची, गाडीवर बसूनच निघायची. मग काय, हँड्सफ्रीची वायर हेल्मेटात घातली, माइकची गुंडी हनुवटीखाली लोंबत सोडली आणि मोबाइल त्यांच्या खिशात ठेवला.

पहिल्या दिवशी मोबाइलमध्ये भरून आलं ते वादळ. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा वारा, त्यात इंजिनची धडधड, आणि फार लांब कुठेतरी आबा. दुसऱ्या दिवशी मी गुंडी हेल्मेटच्या आत चिकटपट्टीने पक्की बसवली. वाटलं, आता हलणार नाही. तर इंजिनची सगळी थरथर हेल्मेटातून थेट माइकमध्ये उतरली. ऐकायला दळणाची गिरणीच. माय म्हणाली, "पीठ कवा मिळंल?"

मला सणक आली. जुन्या उशीतला स्पंज कापला आणि गुंडी आणि हेल्मेट यांच्यामध्ये कोंबला. गुंडी तोंडासमोरून काढून ओठाच्या कोपऱ्याला आणली, म्हणजे श्वासाचे फटके बसू नयेत. गळ्याभोवती मफलर गुंडाळून हनुवटीखालची फट बुजवली, काच खाली ओढली. आबा आत घामाने निथळत होते आणि मी वर दरडावत होते, "हलू नका." धडधड कमी झाली. वारा मात्र कुठून घुसत होता कोण जाणे.

मायने मग माझ्या हातातली वायर ओढून घेतली. आत जाऊन जावळ घेऊन आली. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर, हाताला लागते न लागते अशी मऊ. तिने ती गुंडीभोवती सैल गुंडाळली. मी म्हटलं, "घट्ट बांध की, पडंल."

"घट्ट काहून? घोंगडी अंगाला चिकटवून घेतेत व्हय? मोकळी असली तर वारा तिच्यातच अडकते."

त्या संध्याकाळी ऐकलं तर वारा गायब. मी मायला मिठीच मारली. राहिलं फक्त इंजिन, आणि त्यावर तोड आबांनीच काढली. वळणाच्या पुढे उतार होता. "तिथून गाडी बंद करून सोडतो," ते म्हणाले. तशी त्यांनी ती सोडली. गाडी गुपचूप खाली येत होती आणि आत हाक घुमत होती. खाली लिंबाच्या झाडाखाली मी आणि माय उभ्या होतो. गाडी थांबली, आबांनी काच वर केली, मायकडे बघितलं आणि सवयीने म्हणाले, "यो गं!" माइक चालूच होता.

ऑपरेशन झालं. आबा घरी आले ते गळ्याला पट्टी लावून आणि मुके होऊन. पहिल्याच संध्याकाळी मी माळावर गेले, मोबाइल हेल्मेटात ठेवला, म्हणजे आवाज मोठा होईल, आणि माझं ते स्वच्छ, निर्मळ रेकॉर्डिंग लावलं. मेंढरांनी एकदा माना वर केल्या आणि परत चरायला लागली. एक म्हातारी मेंढी तेवढी येऊन हेल्मेट हुंगून गेली. इतकी मेहनत, आणि त्यांना पत्ताच नाही! मी संतापाने त्यांना नाही नाही ते बोलले.

पुढं आबांना गाडीवर बसायची परवानगी मिळाली. ते वळणावर आले, बोलता तर येत नव्हतं, नुसती फटफटी धडधडत उभी केली. आणि अख्खा कळप धूळ उडवत त्यांच्याकडे धावला. मी इतके दिवस जी धडधड काढायला जिवाचं रान केलं, ती मेंढरांनी हाकेतच धरली होती. आबांचे खांदे हसण्याने हलत होते. माय डोळे पुसत म्हणाली, "बघा, तुमच्यापरीस गाडीचा मान मोठा."

माझा मोबाइल मग आबांकडेच राहिला. कोणतं बटण दाबायचं ते त्यांनी महिनाभर घोकलं. शेवटचा तेवढा तुकडा मी वेगळा काढून दिला होता. ना वारा, ना इंजिन, नुसतं "यो गं!" चहा हवा असला, पाणी हवं असलं की ओसरीवरून ते तो लावायचे.

एकदा मी सुट्टीला घरी होते. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. ओसरीवरून हाक आली, "यो गं!" मायचे हात थांबले, पण ती उठली नाही. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही.

"माय, आबा बोलवून राहिले."

"आलं ऐकू," ती हळूच म्हणाली. "अजून एकदा मारू दे हाक."