धनगरगल्लीचा रूळ

गावच्या कमेटीतले किस्से उकिरड्यासारखे असतात. कुणालाही विचारा, "मी काही टाकलं न्हाई" असंच म्हणतं, अन् ढीग तर रोज वाढून राह्यलेला असतो. माझ्याकडं बराच साचलाय. त्यातले रस्त्याचे तेवढे काढते. बाकीचे काढले तर मला गावात राहणं मुश्कील होईल.

*

निजामाचं राज्य गेलं अन् काही वर्षांनी आमच्याकडं ग्रामपंचायत आली. आम्ही तिला कमेटीच म्हणतो. निदान एक बाईमाणूस घ्या, असं वरून सांगणं आलं. आमचं गाव घनसावंगीच्या वाटेवरचं. बाई कमेटीत बसलेली कुणी पाहिली न्हवती. मी चौथी शिकलेली, म्हणून माझं नाव निघालं. मेंबर गोविंदराव म्हणाले, "सुभद्राबाई भांडखोर हाय. बाहेर ठेवण्यापरीस आत बरी."

पहिली बैठक सरपंचांच्या कापडदुकानाच्या ओट्यावर. मी टेकते न टेकते तोच गोविंदराव म्हणाले, "काकू, जरा चहाचं बघा."

मी म्हणलं, "बघते की. तुम्ही तोवर धनगरगल्लीच्या रस्त्याचं बघा."

चहा त्याच दिवशी झाला. रस्त्याला तीन पावसाळे लागले.

*

यात हसण्यासारखं काही न्हाई, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई.

धनगरगल्ली म्हणजे वेशीपासून निघून भिवा धनगराच्या घरापाशी संपणारी वाट. सगळी काळी माती. पावसाळ्यात गाडीचं चाक रुतलं की माणसं बैलाला शिव्या देत उभी राहायची. मी कमेटीत आले त्याच वर्षी आषाढात भिवाची सून गया अडली. अंबडच्या दवाखान्यात न्यायला गाडी काढली. मी गाडीत होते. लिंबाच्या झाडापाशी चाक आखापर्यंत बसलं. दुसरी जोडी आणून जुंपली, खांदे लावले. गाडी निघाली तोवर बाळ गेलं होतं.

गया वाचली. पण परत त्या लिंबाखालून जाताना ती पदर तोंडावर ओढून घ्यायची. मी रस्त्यासाठी का भांडते, असं विचारणाऱ्याला मी तेवढंच सांगायचे.

*

आता सरपंचांचं सांगते. मोतीशेट. त्यांचे पणजे मारवाडातून आलेले, धर्मानं जैन. मुनीमहाराजांसमोर त्यांनी खोटं न बोलायचा नेम घेतलेला. दुकानातसुद्धा पाळायचे. गिऱ्हाईकानं विचारलं, "शेटजी, धुतल्यावर आटंल का?" की म्हणायचे, "आटेल. एक हात जास्त घ्या." लोकांना वाटायचं, शेट जास्त कापड खपवून राह्यलेत. घरी जाऊन धुतल्यावर कळायचं.

बाजारपेठेत नवं गटार झालं. बघायला तालुक्याचे ओव्हरसियर साहेब आले. पाणी कसं झुळझुळ वाहत होतं. साहेब खुश. म्हणाले, "वा, शेटजी. रोज असंच चालतं ना?"

गोविंदराव मागून डोळ्यानं खुणा करून राह्यले. पण शेटजींचा नेम.

"न्हाई साहेब. आज आपण येणार म्हणून वरच्या अंगाला माझा नोकर घागरी ओतून राह्यला."

गटार पुन्हा खांदलं. तेव्हापासून साहेबांना आमच्या गावात काही विचारायचं असलं, की ते बाकी कुणाला विचारायचेच न्हाईत.

*

लिंबापाशी एवढा चिखल का व्हायचा? तर गोविंदरावांच्या न्हाणीचं पाणी. बारा महिने रस्त्यावर सोडलेलं. त्यांना कमेटीनं दोनदा समज दिली. समज देणारे म्हणजे कमेटी, अन् कमेटीत गोविंदराव. ते स्वतःच म्हणायचे, "बराबर हाय, बंदोबस्त केला पाहिजे."

मंग मी त्या चिखलात अळू लावलं. भर रस्त्यात. त्याला काय, पाण्याला तोटा न्हाई. महिन्यात पानं सुपाएवढी झाली. गल्लीतल्या बाया सकाळ-संध्याकाळ तोडायला यायच्या, अन् आल्याच आहेत तर गोविंदरावांच्या ओट्यावर टेकायच्या. एक बेसन मागायची, एक चिंच.

गोविंदराव तणतणत माझ्याकडं आले. "काकू, हे काय मांडलंय तुम्ही?"

"कमेटीचा मळा. पाणी तुमचं, नाव तुमचंच देऊ."

आठ दिवसांत त्यांनी परसात शोषखड्डा खांदला. लिंबाखालचा चिखल वाळायला लागला. त्यांच्या मंडळी मात्र माझ्यावर रुसल्या. म्हणाल्या, "अळवाच्या वड्या तेवढ्या झकास व्हायच्या हो."

*

हा डाव गोविंदरावांनी मनात ठेवला. पुढच्या बैठकीत उभे राहून म्हणाले, "भिवाच्या मेंढ्या रोज गल्लीतून जातात. धूळ, लेंड्या, वास. धनगरगल्लीतून मेंढ्या न्यायला बंदी करा." दोघांनी मान डोलावली. भिवाला बोलावलं.

भिवा आला, घोंगडी खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बराबर हाय मालक. उद्यापासून न्हेत न्हाई. पण या वैशाखात तुमच्या वावरात मेंढ्या बसवायचं ठरलंय ना आपलं?"

वैशाखात रात्रीच्या मेंढ्या आपल्या रानात बसाव्यात, लेंडीखत पडावं, म्हणून आमच्याकडं लोक धनगराच्या घरी खेटे घालतात. ओट्यावर बसलेल्या प्रत्येकानं घातले होते.

गोविंदराव म्हणाले, "ठरलंय, बिलकुल ठरलंय."

"मंग कशा आणू? उडवत?"

मेंढ्यांची बंदी तिथंच उठली. शेटजी म्हणाले, "पुढचा विषय."

*

पुढचा विषय रूळ. मुरूम आम्ही श्रमदानानं आणला होता. बाया टोपल्यांनी, गडी गाड्यांनी. गयासुद्धा टोपली घेऊन आली, तेव्हा मला कळलं तिला परत दिवस गेलेत. मी तिच्या डोक्यावरची टोपली उतरवली. ती म्हणाली, "आक्का, मला बसवू नका. या रस्त्यावर माझाबी हात लागू द्या."

मुरूम पडला. ओव्हरसियर साहेब म्हणाले, "रूळ फिरल्याशिवाय दबणार नाही अन् मी पासही करणार नाही. पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाईल."

रूळ आम्ही आधीच मागितला होता, हैदराबाद राज्यात असताना. रूळ मंजूर झाला अन् राज्यच मोडलं. आम्ही मुंबई राज्यात गेलो. नव्या कचेरीत विचारलं तर म्हणाले, "ज्यांच्याकडं मागितला त्यांच्याकडून घ्या." मी म्हणलं, "ते आता राह्यलेत कुठं?" ते म्हणाले, "त्याची चौकशी चालू आहे."

इकडं मृग लागायला आलेला अन् गयाला नववा.

*

तेवढ्यात गोविंदराव बैठकीत भिवावर उखडले. त्यांच्या वावरात मेंढ्या बसल्या होत्या त्याच रात्री वळीव पडला, अन् ओल्या मातीत मेंढ्यांनी सगळं तुडवलं. "नांगर उड्या मारून राह्यला हो. वावर न्हाई, फरशी केली माझी. आता तिथं पेरू का नाचू?"

भिवा म्हणाला, "पावसाला मी सांगितलं न्हवतं."

मी शेटजींकडं बघितलं. शेटजींनी माझ्याकडं बघितलं. मी भिवाला विचारलं, "दादा, मेंढ्या उद्या सकाळी मोकळ्या हाईत का?"

गल्लीतल्या सगळ्या बायांनी विहिरीपासून रांग धरली अन् मुरमावर पाणी मारलं. भिवानं पुढं बोकड धरला, मागं सगळा कळप. वेशीपासून घरापर्यंत, घरापासून वेशीपर्यंत. मेंढ्या कंटाळल्या की बोकडाला पाला दाखवायचा. पाणी मारायचं, परत फिरवायचं. दुसऱ्या दिवशी भिवाचे भाऊबंदही आपापले कळप घेऊन आले. ज्यांनी बंदी मागितली होती ते गोविंदराव धोतर खोचून मागून "हुर्र, हुर्र" करत हाकून राह्यले. त्यांच्या मंडळी ओट्यावरून म्हणाल्या, "हे काम यांना शोभतं बघा."

आठवडाभरात रस्ता असा झाला, की बैलाचा खूर उमटेना.

मंग पाऊस लागला. चार दिवस नुसता कोसळत होता, अन् त्यातच गयाला कळा सुरू झाल्या. परत तीच गाडी, परत मी तिच्या उशाशी. लिंब जवळ आला तसं तिनं माझं मनगट धरलं. बैल गळ्यातले घुंगरू वाजवत लिंबाखालून तसेच पुढं गेले. गयानं त्या दिवशी पदर ओढला न्हाई. मान वळवून मागं बघत राह्यली.

अंबडला मुलगी झाली. रडणं असं, की दाराबाहेर उभा असलेला भिवा म्हणाला, "ही कमेटीत जाणार."

*

आम्ही गया अन् बाळाला घेऊन परत आलो तर वेशीत सगळी कमेटी उभी. ओव्हरसियर साहेब आले होते. हातात सळई. ती रस्त्यात खुपसून बघत होते अन् सळईच वाकून राह्यली होती. आमची गाडी आली तसे ते बाजूला सरले, चाकाकडं वाकून बघितलं, मंग मागं राह्यलेल्या चाकोरीकडं बघितलं. चाकोरी न्हवतीच.

"पक्का दबलाय," साहेब म्हणाले. "पण तालुक्याचा रूळ तर आमच्या कचेरीमागं उभा आहे. मग इथं कोणता फिरला?"

गोविंदरावांनी आभाळाकडं बघितलं. साहेब नेहमीप्रमाणं शेटजींकडं वळले.

"शेटजी, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही. या रस्त्यावर फिरवलेला रूळ कुठं आहे?"

शेटजींनी टोपी सारखी केली. गावाबाहेरच्या माळाकडं नीट डोळे बारीक करून बघितलं. मंग हात जोडून म्हणाले,

"चरायला गेलाय, साहेब. दिवस मावळताना परत येईल."