पोरीचा कागद

"के गर्ने, काका." दिवसातून पन्नास वेळा तो हे म्हणायचा. पाणी आलं नाही, के गर्ने. कुणाची मोटरसायकल चोरीला गेली आणि शिव्या याला पडल्या, के गर्ने. त्याच्या नेपाळी भाषेत याचा अर्थ 'काय करणार' एवढाच. म्हणताना उजवा पंजा उलटा करून दाखवायचा, हात रिकामा आहे हे तुम्हाला कळावं म्हणून.

तुमच्याही गेटवर असा एक बसलेला असेल. त्याला तुम्ही बहादूर म्हणत असाल. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतही तेच. बहादूर, पंप लाव. बहादूर, गाडी पूस. त्याचं खरं नाव आम्ही वीस वर्षांत विचारलं नाही. आज मला ते माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. वीस वर्षं ज्याची गरज पडली नाही ते आता छापून कुणाचं भलं होणार आहे?

मी गिरणीतला माणूस, सातवीपर्यंत शिकलेला. मला गोड लिहिता येत नाही. त्यामुळे जे झालं ते सरळ सांगतो.

आमच्या कमिटीचे चिटणीस म्हणजे कचेरीतून रिटायर झालेले गृहस्थ. सकाळी गेटजवळच्या बाकावर पेपर मोठ्याने वाचायचे आणि बहादूरला चिडवायचे.

"काय रे, तुमच्याकडे परत सरकार पडलं म्हणे?"

"आमचं सरकार म्हणजे जिन्यातला बल्ब, साब. लावला की जातो."

"केवढा तो देश! आमच्या एका राज्याच्या खिशात मावेल."

"मावेल, साब. पण तुमच्यावर गोऱ्याने राज्य केलं. आमच्यावर नाही केलं."

चिटणीसांनी पेपरची घडी घातली आणि चहा प्यायला घरात गेले. तो आपला गाडी पुसत राहिला. हसलासुद्धा नाही.

त्याचं गाव पश्चिम नेपाळच्या डोंगरात. इथून चार दिवसांची वाट. गाडी, मग बस, मग दुसरी बस, आणि शेवटचा अर्धा दिवस पायी. शेतात पिकतं ते पाच महिने पुरतं, मग घरातला पुरुष खाली उतरतो. खाली म्हणजे आपल्याकडे. राजा होता तेव्हा याचा बाप उतरला, मग हा उतरला. पुढे राजा गेला, बंदूक घेऊन जंगलात फिरणारे मंत्री झाले, आणि गावातली पोरं आणखी लांब, अरबांच्या वाळवंटात जायला लागली. "आमच्याकडे माणूसच पिकतो, काका," तो म्हणायचा. "दुसरं काही बाजारापर्यंत पोचत नाही."

आमच्या हिने एकदा त्याला विचारलं होतं, समुद्र बघितलास की नाही. ही मालवणची, तिला समुद्र म्हणजे माहेर. तो म्हणाला, "एकदा बघितला, आमा. दादरला. एवढं पाणी, आणि पिता येत नाही. सरकारसारखंच." ही हसून हसून खोकायला लागली. तिला तो आमा म्हणायचा, म्हणजे आई. आम्हाला मूल नाही. पहिल्यांदा त्याने आमा म्हटलं तेव्हा ही आत जाऊन उगाच डबे लावत बसली होती.

साखरेने हिचा डावा पाय गेला, मग मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा परळला डायलिसिस, मंगळवार आणि शनिवार. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि अरुंद. अ‍ॅम्ब्युलन्सवाले पहिल्या दिवशीच म्हणाले, पेशंट खाली आणा, आम्ही वर चढणार नाही. चाळीतल्या ज्या पोरांना दहीहंडीत थर लावून नाचायला कंबर असते, त्यांच्या कंबरा त्या दिवशी एकदम दुखायला लागल्या. एकाने तर मला डॉक्टरची चिठ्ठी दाखवली.

मी जिन्यात कठड्याला धरून उभा होतो. तो खालून वर आला. आमची प्लास्टिकची खुर्ची उचलून बघितली, बाहेर गेला आणि सुतळीची रुंद विणलेली पट्टी घेऊन आला. पट्टीची दोन्ही टोकं दोराने खुर्चीला बांधली, हिला बसवलं, चादरीने आवळलं आणि खुर्चीकडे पाठ करून खाली बसला. पट्टी कपाळावर घेतली आणि उठला. सगळं वजन कपाळावर. तिन्ही जिने उतरला. ही उलट्या तोंडाने, वर माझ्याकडे बघत खाली गेली.

"झिला, पडशीत रे," ही ओरडत होती. झिल म्हणजे तिच्या मालवणीत मुलगा.

"नाही पडत, आमा. आमच्या गावात हीच अ‍ॅम्ब्युलन्स."

त्याच्या गावातून मोटारीचा रस्ता अर्ध्या दिवसावर. बाळंतीण असो, म्हातारा असो, असाच न्यायचा. "रस्ता येणार येणार म्हणतात. निवडणुकीत येतो, मग परत जातो," तो म्हणाला. पुढे दीड वर्ष, दर मंगळवारी आणि दर शनिवारी, तो हिला खाली नेऊन वर आणत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायचा, खुर्ची कठड्यावर टेकवायचा, आणि तिथे त्यांच्या गप्पा चालायच्या. मी मागे फाईल आणि पाण्याची बाटली घेऊन उभा.

तिथेच पोरीचा विषय निघाला. त्याची एकुलती एक मुलगी बारावी झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं. फॉर्म भरायला तिकडचा नागरिकतेचा कागद लागतो. ही आमच्या देशाची, असं सरकारने लिहून दिलेला. तो नसेल तर शिक्षण नाही, नोकरी नाही, काही नाही. कायदा काय म्हणतो ते मला ठाऊक नाही. पण त्याच्या जिल्ह्याच्या कचेरीतल्या साहेबाने पोरीला सांगितलं की आई चालणार नाही, बाप समोर उभा पाहिजे. ही माझी मुलगी, असं त्याने तोंडाने म्हटलं पाहिजे.

आता बघा. त्या गावात बाप शोधून सापडत नाही. सगळे बाप खाली, कुणाच्या तरी गेटवर. हे त्या साहेबाला माहीत नसेल? त्याचा स्वतःचा भाऊही कुठेतरी गेटवरच असेल. पण नियम म्हणजे नियम.

भाद्रपदात तो माझ्याकडे आला. "काका, पंधरा-वीस दिवस जाऊन येतो. फॉर्मची तारीख दसऱ्याआधी आहे. माझा मेहुणा बदलीला येईल. आमाला कसं न्यायचं ते त्याला शिकवतो."

ही पलंगावरून म्हणाली, "झिला, तू जा. चेडवाचा काम आसा. माका ह्यो बघीत." चेडू म्हणजे मुलगी, आणि ह्यो म्हणजे मी.

मी काय बघणार होतो? माझे गुडघे गेलेले. मेहुण्याला मी बघितला होता, धडधाकट माणूस होता. त्याला जमलं असतं. हे मी आज लिहितो. त्या दिवशी मी त्याला जिन्यात गाठून म्हटलं, "तुझ्या मेहुण्याच्या हातून ही पडली तर? दहा दिवस थांब. डॉक्टर म्हणतात, आता हिला बरं वाटेल." डॉक्टर असं काहीच म्हणाले नव्हते.

तो थांबला.

दहा दिवसांनी परत विचारलं. तेव्हा मला युक्ती सुचली. आम्हा चाळकऱ्यांचा रबरी शिक्क्यावर फार विश्वास. मी चिटणीसांकडून कमिटीच्या कागदावर दाखला लिहून घेतला. 'दाखला देण्यात येतो की, श्री. बहादूर गुरखा हे आमच्या चाळीत वीस वर्षे सेवेत असून सदर मुलगी त्यांचीच आहे.' खाली सही, दोन ठिकाणी शिक्का.

त्यांची लिपी आपलीच. त्याने उभ्याने वाचला.

"साब, हे नाव माझं नाही."

"कमिटीच्या वहीत हेच आहे," चिटणीस म्हणाले. "वहीबाहेरचं मी लिहू शकत नाही. उद्या कुणी विचारलं तर?"

"पण साब, पोरीच्या शाळेत बापाचं नाव..."

"अरे, शिक्का आहे ना," मी म्हणालो. "शिक्का बघतात रे. नाव कोण बघतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली. गावाकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर त्याने तो कागद धाडला. त्या कचेरीत सगळे हसले म्हणे. साहेबाने पोरीला विचारलं, हा बहादूर गुरखा तुझा कोण? पोर रडत डोंगर चढून घरी गेली. फॉर्मची तारीख गेली.

हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "पुढच्या वर्षी भरू. एका वर्षाने काय होतं?" माझ्या घरात त्या वेळी आम्ही एकेक आठवडा मोजत होतो, आणि मी दुसऱ्याला वर्षाचं सांगत होतो.

कार्तिक संपत आला. एका सकाळी तो दारात उभा राहिला. आत आला नाही.

"काका, घरी काम निघालंय. आज निघालो तर पोचेन. जाऊ?"

काय काम, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. मी पलंगाकडे हात केला. ही झोपली होती, तोंड उघडं, श्वासाचा आवाज येत होता. म्हटलं, "आमा म्हणतोस ना तिला? हिला अशी टाकून जाशील?"

असं बोललो मी. चाळीतल्या पोरांच्या दुखऱ्या कंबरांना नावं ठेवतो, पण त्या सगळ्यांपेक्षा वाईट मी बोललो. जिन्यावरून खाली उतरताना त्याच्या चपलांचा आवाज ऐकला आणि मला बरं वाटलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ही गेली. खांदा द्यायला मात्र सगळे आले, कंबरदुखीवालेही. तिरडी जिन्यातून उतरवायला चौघांना जमेना. वळणावर अडकली. तो पुढे झाला, कुणाला काय धरायचं ते सांगितलं, आणि ती अलगद उतरली. तेराव्याला जेवला, हात धुतला आणि त्याच संध्याकाळी गावी गेला.

दीड महिन्याने परत आला तो मेहुण्याला गेटवर कायमचा बसवायला. त्यांच्यात अशीच रीत आहे, जागा घरातल्या घरात देतात. चिटणीसांना भेटला, पंपाची चावी दिली, मग वर माझ्याकडे आला. मी चहा केला. आता मीच करतो. साखर जास्त झाली होती, तरी प्याला.

"पोरीचं काय झालं?" मी विचारलं. आता विचारायला माझं काही जात नव्हतं.

"कागद झाला, काका."

"झाला? मग बरं झालं! बाप पाहिजे म्हणत होते ना?"

"बाप किंवा नवरा," तो म्हणाला. "बाप येत नाही म्हटल्यावर माझ्या भावाने स्थळ बघितलं. मुलगा त्याच जिल्ह्यातला. नवरा समोर उभा राहिला, कागद मिळाला."

"आणि नर्सिंग?"

"सासरी म्हशी आहेत."

त्याने मोबाईल पुढे केला. फोटोत लाल साडीतली बारीक मुलगी, कपाळभर तांदूळ आणि दही. शेजारी कन्यादान करणारा माणूस. मी चष्मा लावून बघितलं. तो हा नव्हता, याचा भाऊ होता.

"तू कुठेयस?"

"मी इथे होतो."

मला कळायला वेळ लागला. म्हातारा झालोय, पण तेवढा नाही. घरी काम निघालंय, आज निघालो तर पोचेन, म्हणाला होता. चार दिवसांची वाट.

"अरे, मग सांगायचं नाहीस? लग्न आहे म्हणून सांगायचं ना!"

त्याने कप विसळून पालथा घातला. "आमा झोपली होती," एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. माझ्या पाया पडला, हिच्या फोटोच्या पाया पडला. दारात मी विचारलं, "वार कोणता होता रे लग्नाचा?"

"मंगळवार."

दुसऱ्या दिवशी तो गेला. फोन नंबर माझ्याकडे आहे. मी लावलेला नाही.

मंगळवार म्हणजे डायलिसिसचा वार. त्या सकाळी तिकडे पोरीच्या अंगाला हळद लागत होती, आणि इकडे तो माझ्या बायकोला खाली नेत होता आणि दुपारी परत वर आणत होता. त्याने खुर्ची आमच्या दारात टेकवली, पट्टी कपाळावरून काढली आणि पाणी न पिता खाली गेला. रात्री ही पलंगावर पडल्या पडल्या मला म्हणाली होती, "आज झिलाचे पाय कापत होते. इचारा तरी काय झाला ता."

मी म्हटलं, "काय होवचा आसा? म्हातारो झालो तो पण."

आणि दिवा मालवला.